रद्दी बाजूला ठेवून कागदाची तुलना होत नाही

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय भारत आणि चीन यांच्या कागद-पुठ्ठा आयातीचा. समोर खोकेवाले पुष्कळ दिसतायत, म्हणजे क्राफ्ट हा खोक्यांचा मजबूत तपकिरी कागद आणि लायनर हा पुठ्ठ्याचा बाहेरचा थर, हे सांगत बसायला नको. पण आकड्यांकडे जाण्याआधी २०२०-२१ चा हंगाम आठवा.

आंब्याच्या पेटीचा भाव बागायतदाराशी आधी ठरतो, कागद नंतर येतो. त्या हंगामात कागद मिलचा फोन आला की छातीत धस्स व्हायचं. भाव वाढलाय, आगाऊ पैसे पाठवा, गाडी पुढच्या आठवड्यात. बरं, आलेलं रीळ तरी नीट असावं? आमच्याकडे दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापून काट्यावर ठेवतात. १.४ ग्रॅम भरला तर १४० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम. तो भरला दीड ग्रॅम. म्हणजे मागवला १४०, आला १५०. पैसे आपण किलोवर मोजतो आणि पेटी निघते मीटरवर. टनामागे सहा-सात टक्के पेट्या तिथेच कमी झाल्या. मिलवाल्याचं उत्तर काय, तर "मजबूत कागद दिलाय, तक्रार कसली?" हात वर करा, कुणाकुणाला हे ऐकावं लागलंय? बघा, एवढे हात सोसायटीच्या सभेतही वर होत नाहीत!

हे का घडलं, ते चीनकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. २०१६ साली चीनने सुमारे २ कोटी ८० लाख टन रद्दी बाहेरून घेतली. मग मार्च २०१८ पासून रद्दीत अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त कचरा चालणार नाही असा नियम आला, आणि १ जानेवारी २०२१ पासून रद्दीला दारच बंद. चीनची खोक्यांची गरज थोडीच बंद झाली? तिथल्या मिलनी रद्दीऐवजी तिचा लगदा आणि तयार क्राफ्टची रिळं मागवायला सुरुवात केली. आपल्या मिलनी तिकडे रिळं पाठवली आणि इथला लहान खोकेवाला रांगेत उभा राहिला. महामारीत रद्दी गोळा करणं मंदावलं होतं, जहाजभाडंही भडकलं होतं. पण हा धक्का वेगळा होता.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. मुख्य मुद्दा झटकन सांगतो.

जकातीच्या वर्गवारीत लगदा आणि रद्दी प्रकरण ४७ मध्ये, कागद-पुठ्ठा ४८ मध्ये. नुसतं ४८ पाहिलं तर चीनची आयात वाढली की खरेदी एका खान्यातून दुसऱ्यात गेली, हे दिसतच नाही. भारत रद्दी घेतोच आहे. वापी, मुझफ्फरनगरच्या मिल तिच्यावर चालतात. म्हणून दोन्ही देशांची दोन्ही प्रकरणं शेजारी मांडा.

दुसरं, मूल्यासोबत टन लिहा. २०२१-२२ मध्ये जगभर भाव चढले. तेवढाच माल घेऊनही रक्कम फुगते. आयातीच्या मूल्यात जहाजभाडं आणि विमाही धरलेला असतो.

तिसरं, धोरणाच्या तारखा आलेखावर टाका. आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई गटातल्या देशांच्या कागदावरचं आपलं शुल्क २०१४ पासून शून्यावर आलं. ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे कागद-आयातीची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. चीनने जानेवारी २०२३ पासून बऱ्याच कागदांवरचं शुल्क काढलं.

आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, चीनचं जानेवारी ते डिसेंबर. मासिक आकडे घेऊन वर्ष जुळवा, मगच दोन रेघा एका कागदावर काढा.