हेच का दिसलं, आणि आत्ताच का?

अजिंठा. वाघूर नदीच्या वळणावर कोरलेली ही लेणी. 7व्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन करतो. अभ्यासकांच्या मते तो विहार इथलाच. बौद्ध तर्कशास्त्री आचार्य दिङ्नाग तिथे अनेकदा राहत, असंही तो नोंदवतो.

भिंतीवरचा हा निळा रंग पाहा. बाहेर काही निळं आहे म्हणून तो दिसतो, की मनातच तसा आकार उमटतो म्हणून?

दिङ्नागांच्या ‘आलंबनपरीक्षा’ या ग्रंथात कारिका, म्हणजे श्लोक, आठच, पण युक्तिवाद मोठा कडक. ज्ञानाचा विषय ठरायला दोन अटी. त्या वस्तूमुळे ज्ञान व्हायला हवं, आणि ज्ञानात दिसायलाही तीच हवी. परमाणूंमुळे ज्ञान होत असेलही, पण परमाणू कोणाला दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा समूह, आणि समूह ही काही खरी वस्तू नव्हे. ती ज्ञान कुठून घडवणार? तेव्हा विषय आतलाच.

मग सगळं एकदम का दिसत नाही? विज्ञानवादी, म्हणजे विषय मनातच असतो असं मानणारे बौद्ध, सांगतात, पूर्वीच्या अनुभवांच्या वासना, म्हणजे त्यांचे ठसे, चित्तात साठतात. जी पिकते ती ज्ञान होऊन वर येते. त्यांच्यातले आचार्य वसुबंधू ‘विंशतिका’ या ग्रंथात स्वप्नाचा दाखला देतात. स्वप्नातही बाग दिसते, भुंगे दिसतात, तेही ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी.

बाहेरच्या वस्तू खऱ्या मानणारे बौद्ध, सौत्रान्तिक, इथेच अडवतात. मला बोलायचं नाही, चालायचं नाही. तरी बोलणं कानावर येतं, चालणारा माणूस दिसतो. हे माझ्या वासनेतून कसं आलं? वसुबंधूंचं उत्तर आहे, की एका चित्तप्रवाहाचा, म्हणजे एकाच्या वाहत्या मनाचा, दुसऱ्यावर परिणाम होतो. मला हे उत्तर फार आवडतं. पण ते घेतलं, की निदान काही ज्ञानांचं कारण माझ्या मनाबाहेर गेलं, हे कबूल करावंच लागतं.

पुढे शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात मुळावरच बोट ठेवतात. वासना निरनिराळ्या कशाने झाल्या? निरनिराळ्या वस्तू अनुभवल्या म्हणूनच ना? वासना अनादि आहेत म्हटलं, तर ती अंधपरंपरा, आंधळ्याने आंधळ्याचा हात धरावा तशी. आणि स्वप्न? ते म्हणतात, स्वप्न ही स्मृती, जागेपणीचं दर्शन ही उपलब्धी, म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. स्वप्नातला भुंगा आधी कधीतरी जागेपणी दिसलेला असावा लागतो.