गच्चीवरचं तिकांडं

(दृश्य: जानेवारीची रात्र. ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका इमारतीची गच्ची. पाण्याच्या टाकीला टेकवलेली लोखंडी शिडी, शेजारी ट्रायपॉड.)

गच्चीची चावी मिळायला दीड महिना गेला. सोसायटीला रीतसर अर्ज दिला होता. कारण लिहिलं होतं, ‘ताऱ्यांचे फोटो काढणे’. सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, “इथून? इथून तारे दिसतात कुठं?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पश्चिमेला येऊरचा डोंगर तेवढा काळा. बाकी दक्षिणेला मुंबईचा उजेड, पूर्वेला खाडीपल्याड कळव्याचा, उत्तरेला घोडबंदर रोडच्या टॉवरांचा. मान वर करून मोजले तर वीस-पंचवीस तारे हाती लागतात. पण त्यांत मृग नक्षत्र असतं. जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास ते दक्षिणेला चांगलं उंच येतं, क्षितिजावरच्या दुधी पट्ट्याच्या बरंच वर. मृगाच्या पोटात घुसलेला बाण, म्हणजे त्रिकांडाचे तीन तारे, आणि त्यांच्या खाली एक पुसट ठिपका. तो ठिपका तारा नाही. तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा. तिथे अजून तारे जन्माला येताहेत.

(दृश्य: कॅमेऱ्यावर बसवलेली छोटी वाइड-अँगल लेन्स.)

तेजोमेघ म्हटलं की लोकांना दुर्बीण आठवते. माझ्याकडे आहे ती २४ मिलिमीटरची लेन्स. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे पाहुणे एका फोटोत बसवायला वापरतात, तसली. हिच्यातून काही जवळ दिसत नाही. माझा फोटो सहा हजार पिक्सेल रुंद, आणि त्यात अख्खा मृगातला तेजोमेघ जेमतेम शंभर पिक्सेलांचा. आकाशात मात्र तो दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत एवढा रुंद आहे.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. वाइड लेन्सची काच केवढीही फुगीर दिसली, तरी प्रकाश शिरायचं भोक लहानच असतं. फोकल लांबीला, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला, शेजारच्या एफ-आकड्यानं भागा. १४ मिलिमीटरची लेन्स, एफ २.८ : उत्तर ५ मिलिमीटर. अंधाराला सरावलेल्या तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे ही महागडी लेन्स आपल्या डोळ्यापेक्षाही बारीक भोकातून बघते! तिची सगळी कमाई वेळेची. डोळा प्रकाश साठवत नाही, सेन्सर साठवतो. उलट ५० मिलिमीटरची साधी, स्वस्त लेन्स एफ १.८ वर २८ मिलिमीटर उघडते. निव्वळ तारे टिपायचे असतील तर मी पहिल्यांदा तीच घ्यायला सांगेन. वाइडचा मोह आपला आहेच, तो काही सुटत नाही.

(दृश्य: कॅमेऱ्याचा स्क्रीन. व्याधाचा तारा, दहापट मोठा केलेला.)

फोकस. इथे घाई चालत नाही. लेन्सवर अनंताची खूण असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. ऑटोफोकस बंद करायचा, कॅमेरा व्याधाकडे वळवायचा, स्क्रीनवर तो दहापट मोठा करायचा. आधी दिसतो एक फुगलेला गोळा. रिंग केसभर फिरवली की तो आकसतो. आणखी केसभर, आणखी आकसतो. पुढे गेलात की पुन्हा फुगतो, आणि या खेपेला कडेला जांभळी झालर येते. मागे या. तारा सगळ्यांत बारीक झाला, की हात काढायचा आणि रिंगेवर चिकटपट्टी लावायची.

पहिल्या रात्री मी हे सगळं शिस्तीत केलं, आणि चिकटपट्टी लावताना बोटाचा धक्का रिंगेला दिला. दोन तास फोटो काढले. घरी आल्यावर लॅपटॉपवर पाहतो तो काय, मृग नक्षत्राच्या जागी साबुदाणा.

(दृश्य: एकाच आकाशाच्या दोन फ्रेम. पहिलीत तारे लांबट, दुसरीत गोल.)

पृथ्वी फिरते, म्हणून ट्रायपॉडवरच्या फोटोत तारे सरकतात. जुना हिशेब असा, की पाचशेला फोकल लांबीनं भागा, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा. माझा सेन्सर लहान, म्हणून चोविसाला आधी दीडनं गुणायचं; मग चौदा सेकंद येतात. हा नियम फिल्मच्या काळातला. माझ्या कॅमेऱ्यावर चौदा सेकंदांत मृगातला तारा सहा पिक्सेल ओढला जातो. मी पाच सेकंदांवर थांबतो. शहरात त्याहून जास्त तसंही परवडत नाही. वीस सेकंद ठेवून पाहिलं, तर सगळं आभाळ ताकासारखं पांढरं.

मग पाच-पाच सेकंदांचे दोनशे फोटो, सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं काही संस्कार न केलेले. सॉफ्टवेअर ताऱ्यांवर तारे बसवून त्यांची सरासरी काढतं, यालाच स्टॅकिंग म्हणतात. डीप स्काय स्टॅकर, सिक्वेटर, सिरिल, हे सगळे फुकट मिळतात. फोटोतला खरखरीत गोंगाट फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळानं कमी होतो, म्हणजे दोनशे फ्रेमना साधारण चौदापट. विमानांच्या रेघाही जातात, कारण विमान एखाद्याच फ्रेममध्ये असतं आणि तारा सगळ्यांत.

शहराचा उजेड मात्र सरासरीनं जात नाही. तोही दर फ्रेममध्ये हजर असतो. तो वेगळा वजा करावा लागतो. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते, तेव्हा हे सोपं होतं. त्यांचा बराचसा प्रकाश एका पिवळ्या पट्ट्यात, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. तेवढाच अडवणारी फिल्टर काच लावली की निभायचं. एलईडी पांढरा, त्यात सगळेच रंग. वीजबिलाला चांगला, आमच्या मुळावर आलेला.

(दृश्य: एक जुना काळा-पांढरा फोटो. आकाशगंगा, मधेमधे काळे चट्टे.)

या खटाटोपाचा खरा पूर्वज अमेरिकेतला एडवर्ड बर्नार्ड. घरची गरिबी. वयाच्या नवव्या वर्षी तो नॅशव्हिल गावातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. तिथे गच्चीवर फोटो मोठे करायचं एक भलंमोठं यंत्र होतं, उन्हावर चालणारं. पोराचं काम एकच : चाकं फिरवत राहायची आणि यंत्राचं तोंड सूर्याकडून हलू द्यायचं नाही. पुढे १८८९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत, त्यानं माणसांचे फोटो काढायची एक पोर्ट्रेट लेन्स आकाशाकडे लावली. तासन् तास मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून तारा जागेवर धरून ठेवायचा. काम तेच, सूर्याऐवजी तारा.

मोठ्या दुर्बिणींना आकाशाचा एवढुसा तुकडा दिसायचा. बर्नार्डच्या फोटोच्या काचेवर आकाशगंगेचे ढगच्या ढग आले, आणि त्यांत काळी भगदाडं. आधी ती ताऱ्यांमधली रिकामी भोकं वाटायची. ती भोकं नव्हती, मागचे तारे झाकणारी धूळ होती. हे कळायला रुंद चौकट लागली. मृगाभोवतीची लाल कमान आज बर्नार्डच्याच नावानं ओळखतात. तिचा पसारा दहा अंशांहून जास्त, म्हणजे वीस पूर्णचंद्र ओळीनं मांडावेत तेवढा.

ती कमान माझ्या फोटोत येत नाही. हायड्रोजनचा तो लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा, आणि साध्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरची काच त्यातला बराचसा अडवते. माणसांचे चेहरे लालभडक येऊ नयेत म्हणून ती सोय. काच बदलून घेता येते. पण याच कॅमेऱ्यावर घरातली बारशी-मुंजी निघतात, त्यामुळे बायकोनं अजून परवानगी दिलेली नाही.

(दृश्य: वांगणी स्टेशन, रात्र.)

मार्चअखेरीस आम्ही कर्जत लोकल पकडून वांगणीला जातो. इकडच्या आकाशवेड्यांची ही जुनी जागा. आता तिथेही बदलापूरचा उजेड येतो, पण ठाण्याच्या मानानं अंधारच. याहून गडद हवा असेल तर पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलेला. तो पार नागपूरकडे.

पहाटे चारला वृश्चिक दक्षिणेला चढलेला असतो, मागोमाग धनू. इथं उत्तरेकडे उघडं रान आहे, म्हणून ध्रुव सापडतो, क्षितिजापासून फक्त १९ अंश वर. ठाण्यात तो टॉवरांमागे जातो. ध्रुव दिसला की त्याच्यावर नेम धरून मित्राचा ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, लावता येतो, आणि दोन-दोन मिनिटांच्या फ्रेम मिळतात. बर्नार्डची चाकं आता मोटर फिरवते. स्क्रीनवर आकाशगंगा उमटते, तिच्यात काळे पट्टे, कडेला एक गुलाबी पुंजका. साडेचारला लेन्सवर दव बसलं आणि सगळं धुरकट झालं. दव बसू नये म्हणून लेन्सला पायमोजा गुंडाळायचा असतो, तो विसरलो होतो.

(दृश्य: पुन्हा ठाणे. इमारतीच्या गेटजवळची वॉचमनची खुर्ची.)

जानेवारीतला गच्चीवरचा फोटो मी आमच्या वॉचमनकाकांना दाखवला. ते मूळचे सांगोल्याकडचे. मोबाइल हातात घेतला, बोटांनी मोठा केला.

“हे तिकांडं न्हवं?”

“हो काका. कसं ओळखलंत?”

“आवं, हे बघूनच रात्री पिकाला पाण्याची दारं धरायला जायचो आमी. घड्याळ कुठलं तवा.” मग मोबाइल जरा तिरका केला, आणखी थोडा, तीन तारे एकाखाली एक उभे राहीपर्यंत. “असं. उगवताना असं उभं असतंय. तुमी आडवं धरलंय, सर.”