मुंग्यांची राणी घरी आणताना

मुलांनो, आणि मुलांबरोबर आलेल्या पालकांनो, नमस्कार.

बेळगावात वळीव कोसळून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात. घरोघरी ते वाळवी म्हणून झाडून टाकले जातात. पुष्कळदा ती वाळवी असतेही, पण त्याच गर्दीत मुंग्यांच्या राण्याही असतात.

वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर अगदी बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. नर मुंगी किरकोळ अंगाची, लहान डोक्याची. मीलनानंतर थोड्याच काळात नर मरतात.

घरी पाळायला आपल्याला हवी ती पंख टाकलेली राणी, जमिनीवर घाईघाईने आडोसा शोधत फिरणारी. मोठ्या डोक्याचा कामकरी मुंगळा बघून अनेकजण फसतात. म्हणून डोकं नव्हे, पाय जिथे जोडलेले असतात तो मधला भाग बघा. कामकऱ्याचा तो अरुंद असतो, राणीचा फुगीर आणि उंच. भिंगातून पाहिलं तर पंख गळून पडल्याच्या खुणाही दिसतात.

हा फुगीरपणा उडण्याच्या स्नायूंचा आहे. उड्डाण आयुष्यात एकदाच. त्यानंतर मुंगळ्याची राणी बिळात स्वतःला कोंडून घेते, आणि तेच स्नायू व अंगातली चरबी विरघळवून पहिल्या अळ्यांना भरवते. कामकरी बाहेर येईपर्यंत तिला अन्नाची गरज नसते. त्या एका उड्डाणात साठवलेलं वीर्य तिला जन्मभर पुरतं. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिस्त ठेवून २८ वर्षांहून अधिक जगली आहे. एवढं आयुष्य आपण हातात घेतोय, हे आधी मनाशी नीट ठरवा.

घर साधं असतं. टेस्ट ट्यूबमध्ये एक तृतीयांश पाणी भरा, कापसाचा घट्ट बोळा पाण्यापर्यंत सरकवा, राणी आत सोडा आणि तोंडाला दुसरा बोळा लावा. नळी काळ्या कागदात गुंडाळून जिथे हादरे बसत नाहीत अशा कपाटात ठेवा. मग हात आवरा! रोज उघडून पाहिलेली राणी घाबरून स्वतःची अंडी खाते. आठवड्यातून एकदा, क्षणभर बघितलं तरी पुरे. मुंगळ्याची पहिली कामकरी यायला दीड-दोन महिने लागतात. पंख टाकले म्हणजे मीलन झालंच असं नाही. तसं झालं नसेल तर अंड्यांतून नरच निघतील, कामकरी कधीच येणार नाहीत.

सगळ्याच राण्या उपाशी राहत नाहीत. आपल्या घाटातल्या लांब जबड्याच्या उडी मारणाऱ्या मुंगीची राणी एकटी असतानाही शिकारीला बाहेर पडते, तिला खाऊ द्यावाच लागतो. डायकामा जातीत तर राणी नसतेच, मीलन झालेली एक कामकरीच अंडी घालते.

वारूळ खणून राणी काढू नका. उडालेल्या राण्यांपैकी बहुतेक पक्षी आणि सरडेच खातात, त्यातली एखादी उचलली तर फारसं बिघडत नाही. खणलेल्या वारुळाची मात्र सगळी वसाहत मरते. आणि खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, मुंगीसुद्धा नाही. तिथल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं दुर्मीळ वटवाघूळ रॉटन यांच्या नावाने ओळखलं जातं. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले हे अधिकारी मुंग्यांचेही अभ्यासक होते, त्यांनी १८९२ साली इथल्या मुंग्यांवर लिहिलं. आपल्या रानाशी मुंग्यांचा अभ्यास इतका जुना जोडलेला आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पहिल्या कामकऱ्या अगदी बारक्या असतात. त्या आल्या की साखरेच्या पाण्याचा थेंब आणि मेलेल्या डासाचा किंवा झुरळाचा तुकडा द्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. औषध फवारलेलं झुरळ चुकूनही नको. कापसाला बुरशी धरली तर राणीला चिमट्याने उचलू नका. नवी नळी तोंडाला तोंड लावून जोडा, नवी झाकून ठेवा आणि जुनीवर उजेड पडू द्या. मुंग्या अळ्या उचलून आपणहून पलीकडे जातात, कधी रात्रीत, कधी आठवड्याने.