ज्या कड्याला पट्ट्या नाहीत

(पडद्यावर: बोगद्याचा अंधार. पुढे उजेडाचा ठिपका.)

कॅलिफोर्निया. सिएरा नेवाडाच्या डोंगरातला वावोना बोगदा संपतो आणि योसेमिटीचं खोरं समोर येतं. डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, आणि पार मागे हाफ डोम.

सह्याद्रीत वाढलेली नजर इथे अडखळते. आपल्या कड्यांना थर असतात. लाव्हाचा एक थर, त्यावर दुसरा, मधल्या पट्टीवर गवत आणि कारवी. त्या पट्ट्या मोजत नजर वर चढते आणि उंचीचा अंदाज येतो. एल कॅपिटनला पट्ट्याच नाहीत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग, फिकट करडा ग्रॅनाइट, सुमारे ९०० मीटर. एकावर एक बारा कुतुबमिनार रचले, तरी माथा वरच राहील. आकडा कळतो, पण डोळ्यांना पटत नाही.

कारण हा दगड लाव्हासारखा जमिनीवर पसरलाच नाही. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रस जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकला आणि तिथेच सावकाश निवला. वरचे डोंगर झिजून गेले, तेव्हा तो उघडा पडला. मर्सेड नदीने त्यात दरी कापली, आणि हिमयुगांतल्या बर्फाने तिच्या भिंती खरवडून तिला रुंद केलं.

बर्फाचं हे काम ओळखलं जॉन म्यूर यांनी. मेंढ्या राखायला ते या डोंगरात आले होते. राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचं ठाम मत होतं की खोऱ्याचा तळ खचला. एका मेंढपाळाचं त्यांनी ऐकलं नाही. १८७१ मध्ये म्यूर यांना वरच्या डोंगरात जिवंत हिमनदीच सापडली. मला या खोऱ्याच्या इतिहासातला हा भाग सगळ्यात आवडतो: पायी हिंडणाऱ्या माणसाला दगडावरचे ओरखडे वाचता आले.

(पडद्यावर: योसेमिटी धबधबा. आवाज काही क्षण तसाच राहू द्यावा.)

तीन टप्प्यांत मिळून ७३९ मीटर. आपल्याकडे धबधबा पाहायचा तो श्रावणात. इथे तेव्हा यायचं नाही! हे पाणी पावसाचं नाही, वितळत्या बर्फाचं आहे. मे महिन्यात त्याचा गडगडाट खोऱ्यात दूरवर ऐकू येतो, आणि पौर्णिमेच्या रात्री तुषारांवर चांदण्याचं इंद्रधनुष्य उमटतं. ऑगस्टमध्ये बहुतेक वर्षी उरते ती कड्यावरची काळी ओल. मुलांकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, आलेल्या कितीतरी आईबाबांना इथली सहल घडते. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, बेत मे महिन्याचा करा.

ब्रायडलव्हेल लहान, १८८ मीटरचा. पण वारा त्याला आडवा उडवतो, आणि नाणेघाटात पावसाळ्यात पाणी उलटं वर येताना पाहिलेल्या माणसाला क्षणभर घरी आल्यासारखं होतं.

या खोऱ्याचं आधीचं नाव अवानी. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी इथे शिरली, तिने मूळ रहिवाशांचं साठवलेलं अन्न जाळलं आणि त्यांना हुसकून लावलं. वरच्या एका तळ्याला त्यांच्या प्रमुखाचं, तेनायाचं, नाव द्यायचं ठरलं. त्याला ते सांगितलं, तेव्हा तळ्याला आधीच नाव आहे, असं तो म्हणाल्याची नोंद आहे. नकाशावर आज तेनाया लेकच आहे. तेरा वर्षांनी, १८६४ मध्ये, लिंकन यांच्या सहीने हे खोरं जनतेच्या आनंदासाठी राखून ठेवलं गेलं. १८९० मध्ये भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. ज्यांचं हे घर होतं, ते त्या जनतेत धरले गेले नाहीत.

(पडद्यावर: संध्याकाळ. एल कॅपिटनच्या पायथ्याचं कुरण.)

कुरणात लोक दुर्बिणी लावून बसलेत. १९५८ मध्ये वॉरन हार्डिंग आणि त्यांचे साथीदार हा कडा पहिल्यांदा चढले. चढाईचे दिवस भरले ४७. २०१७ मध्ये अ‍ॅलेक्स होनॉल्ड दोराशिवाय चढले, चार तासांच्या आत. बहुतेकांना अनेक दिवस लागतात. ते कड्यालाच टांगलेल्या झोळीत झोपतात.

शेजारच्या बाईंनी दुर्बीण दिली. बराच वेळ काही सापडेना. मग एक लाल ठिपका हलला. माणूस!

अंधार पडतो. कडा दिसेनासा होतो. आणि जिथे आकाश असावं असं वाटत होतं, तिथे एक दिवा लागतो. त्याच्या बऱ्याच वर, दुसरा.