तिथीची पाऊणपट

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते समुद्राकाठच्या एखाद्या घरात जाऊन राहण्याबद्दल. राहण्याबद्दल म्हणते, फिरण्याबद्दल नाही. आपल्याकडची माणसं कोकणात जातात ती पहाटे चारला गाडी काढून. गणपतीपुळे, पावस, मालवणचा किल्ला, तारकर्ली, सगळं दोन दिवसांत, आणि रविवारी रात्री अकराला परत घरी. सोमवारी कामावर जाताना अंग आंबलेलं. एकच घर धरा आणि तीन रात्री तिथंच राहा. तीन रात्री, बरं का. पहिली रात्र प्रवासाचा शीण काढण्यात जाते, दुसऱ्या दिवशी हात सारखा फोनकडे जात असतो, तिसऱ्या दिवशी कुठं कान उघडतात.

वाटा तुम्हाला ठाऊकच आहेत. सांगलीहून कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरला की कणकवली, पुढं कसालवरून मालवण. दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. रत्नागिरीकडं जायचं तर आंबा घाट. सातारा-कराडच्या श्रोत्यांना पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं चिपळूण आणि तिथून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. दाजीपूरच्या जंगलातून जाताना मात्र हॉर्न वाजवू नका. तो गव्यांचा मुलूख आहे, आपण त्यांच्या दारावरून जात असतो.

हल्ली सगळ्या पाट्यांवर कॉटेज असं लिहिलेलं असतं. पाटीवर काहीही असू दे, तुम्ही फोन करून तीन गोष्टी विचारा. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे का, वर कौलं आहेत का, आणि पडवी आहे का. पडवी नसेल तर मी ते घर घेत नाही. दिवसाचे सहा-सात तास आपण पडवीतच असणार. समोर समुद्र असताना काचा लावून, एसी सुरू करून बसणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. आणि समुद्राला लागून पोहायचा तलाव बांधणं तर मला अजिबात पटत नाही. मे महिन्यात त्या वाड्यांमधून गोडं पाणी किती जपून वापरतात ते एकदा विहिरीवर उभं राहून बघावं.

असो. मला सांगायचंय ते अण्णांबद्दल.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तोलार होते, अडतीस वर्षं. माळकरी आहेत, पंढरीची वारी चुकवत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा आम्ही गावभागातल्या जुन्या घरात होतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या वर्षी पाणी गेलं 57 फुटांवर. पहिल्या रात्री अण्णांनी जिन्याच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ मारली. तासाभरानं तिच्यावर दुसरी, मग तिसरी. रेघ मारायची आणि कंदील धरून बघत बसायचं. एकेक रेघ बुडत गेली. तेव्हापासून रात्री पाण्याचा आवाज आला की ते उठून बसतात. मोरीतला नळ गळत असला तरी उठतात.

अशा माणसाला मी समुद्राकाठी घेऊन गेले. आधी धीर होत नव्हता. शेवटी मार्गशीर्षातली एकादशी झाली, द्वादशीला पहाटे त्यांनी उपास सोडला आणि आम्ही निघालो. देवबागच्या वाटेवर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत ते घर. सारवलेलं खळं, म्हणजे पुढचं अंगण, त्यात तुळस, आणि खळ्याच्या पुढं वीस पावलांवर वाळू. घरच्या काकी साठीच्या. अण्णांच्या गळ्यातली माळ बघून त्यांनी काही न विचारता काळ्या वाटाण्यांची उसळ, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी केली.

जेवणं आठला झाली. चांदणं पडलेलं, आणि लाटांचा आवाज वाढत चाललेला. दुपारी समुद्र केवढा लांब होता, आता तो माडांजवळ वाटायला लागला. मी आत गेले तर अण्णा पिशव्या खाटेवर ठेवत होते. चपला खिडकीत. माझ्या लेकाचं दप्तर त्यांनी खुंटीला टांगलं होतं. मला म्हणाले, "पाणी चढाय लागलंय. झोपू नगा कुणी."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं, पण त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि बोटांवर मोजायला लागल्या. "काका, आज बारस. बाराची पाऊणपट किती?"

हळदीच्या तोलाराला हिशेब विचारला! अण्णा लगेच म्हणाले, "नऊ."

"मगे नऊक भरती पुरी. थंयसून पाणी उतारतला."

श्रोतेहो, हा हिशेब लक्षात ठेवा. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, पुन्हा सहा तासांनी पूर्ण भरती, आणि रोज ही वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. जागेप्रमाणं अर्धा-पाऊण तास, कधी तासभरसुद्धा इकडंतिकडं होतं, म्हणून नेमकी वेळ गावातल्या माणसाला विचारायचीच. पण ढोबळ हिशेब हा: तिथीची पाऊणपट.

तर अण्णांनी चप्पल घातली आणि वाळूत गेले. मागोमाग मी. झावळीचा एक दांडा त्यांनी उचलला आणि पाण्यापासून पाच-सहा हातांवर वाळूत रोवला. घड्याळ हातात घेऊन शेजारी उभे राहिले. पावणेनऊ झाले. लाट दांड्यापासून दोन हातांवर येऊन गेली. पुढची दीड हातावर. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं, त्यांचा हात गार पडला होता. मग एक लाट आली ती तिथंच थांबली. पुढची अलीकडंच. त्याच्या पुढची आणखी अलीकडं. नऊ वाजून दहा मिनिटांनी दांड्याच्या पुढं ओल्या वाळूचा पट्टा दिसायला लागला, हातभर रुंद, चांदण्यात चकाकणारा.

अण्णा त्या पट्ट्यावर जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "माघारी गेलं की गं."

घरात येऊन त्यांनी खाटेवरच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि आडवे झाले.

पहाटे मी उठले तर अण्णा जागेवर नव्हते. धावत वाळूत गेले. तिथं रापण ओढत होते. रापण म्हणजे लांबलचक जाळं, होडीनं समुद्रात गोल घालून सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. तीस-चाळीस माणसं असतील, आणि त्यांच्यात धोतर खोचलेले, गळ्यात तुळशीची माळ घातलेले आमचे अण्णा. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. जाळं काठाला लागलं, तारल्या-बांगड्यांचा चमचमता ढीग पडला. मग वाटे घातले. काटा नाही, वजन नाही, नुसत्या नजरेनं आणि हातानं. अडतीस वर्षं काट्यासमोर काढलेला माणूस एकेका वाट्याकडं वाकून वाकून बघत होता. ज्यानं दोराला हात लावला त्याला थोडी का होईना मासळी द्यायची, ही तिथली रीत. एका पोरानं ओंजळ भरून बांगडे पुढं केले. "घेवा काका, ह्यो तुमचो वाटो."

माझ्या पोटात गोळा आला. अण्णांच्या हाताला आयुष्यात कधी मासळी लागलेली नव्हती. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही हातांवर पसरला, वाटा घेतला आणि कपाळाला लावतात तशी मान लववली. घरी येऊन काकींच्या हातात दिला. "देणाऱ्यानं मनापासनं दिलंय, न्हाई कसं म्हणू?" पंचा मी चार वेळा धुतला, वास गेला नाही. तो पंचा त्यांनी टाकूही दिला नाही.

त्या दुपारी अण्णा पडवीत झोपले. सलग तीन तास. समोर ओहोटी संपून पुन्हा भरती चढायला लागली, तरी ते घोरत होते.

आता थोडक्यात, जाणाऱ्यांसाठी. नाताळ ते 31 डिसेंबर आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार टाळा, तेव्हा तिथं शांतता मिळत नाही. मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन चांगले. जेवणाचं पथ्यपाणी आधी फोनवर सांगा, कारण बाजार लांब असतो. पाण्यात उतरायचं ते पाणी चढत असताना, आणि गावातल्यांनी हो म्हटल्यावरच. ओहोटीत उतरू नका. परत सांगते, ओहोटीत उतरू नका. जिथं लाटा फुटत नाहीत आणि पाणी सपाट, शांत दिसतं, तिथंच आत ओढणारा प्रवाह असतो, पोरं नेमकी तिकडंच धावतात. वाळूत गाडी घालू नका. पिशवीत टॉर्च ठेवा आणि दिनदर्शिका ठेवा, तिथी बघायला.

आम्ही यंदा माघातल्या द्वादशीला पुन्हा निघालोय. खोली सांगायला मी काकींना फोन लावला होता. अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला, नमस्कार केला आणि विचारलं, "त्यो दांडा हाय का हो तिथं अजून?"

नमस्कार.