रात्रीचा उंदीर आणि सकाळची फेरी

श्रोतेहो, प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या प्रकृतीवर सेन्सरच्या साहाय्याने देखरेख कशी ठेवता येते, हा आजचा विषय आहे आणि तो मी मुख्यतः उंदरापुरता मांडणार आहे. गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील औषध कंपन्यांत नोकरी करणारा कोणी ना कोणी आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा असतो. परंतु औषध माणसापर्यंत पोहोचण्याआधी ते ज्या प्राण्यांना दिले जाते, त्यांचे दिवस कसे जातात याविषयी आपण क्वचितच बोलतो.

उंदीर हा इतरांचे भक्ष्य होणारा प्राणी आहे. अशक्तपणा दाखवणारा उंदीर निसर्गात आधी मारला जातो, म्हणून दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच बनलेला असतो. त्यातच तो निशाचर आहे. प्राणिगृहात बहुधा बारा तास उजेड आणि बारा तास अंधार असे चक्र पाळले जाते. कर्मचारी सकाळी फेरी मारतात तेव्हा निरोगी उंदीर अंग मुडपून झोपलेला असतो आणि आजारी उंदीरही तसाच पडलेला असतो. पिंजऱ्यावरच्या कार्डावर ‘ठीक’ अशी नोंद होते. अंगावरचे केस विस्कटणे, पाठीला बाक येणे, डोळे अर्धवट मिटणे ही लक्षणे डोळ्यांना दिसू लागतात, तोवर दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते. सेन्सरची खरी गरज इथे आहे.

मग तापमान मोजून पाहावे, असे कोणी म्हणेल. परंतु उंदराला शेपटीने उचलून गुदद्वारात तापमापी घातली, की केवळ त्या भीतीनेच त्याचे तापमान दहा-पंधरा मिनिटांत जवळपास एका अंशाने चढते. याउलट त्वचेखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप पिंजऱ्याबाहेरूनच वाचता येते आणि उंदराला हात लावावा लागत नाही. तीव्र जंतुसंसर्गाच्या अभ्यासात या चिपचे मोल फार मोठे आहे, कारण अशा संसर्गात उंदराला आपल्यासारखा ताप चढत राहत नाही, तर त्याचे शरीर थंड पडू लागते. हे तापमान ठरावीक पातळीखाली उतरले की तो वाचणार नाही, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. त्या क्षणी त्याला वेदनारहित मरण दिले, तर तडफडण्याचे कित्येक तास वाचतात आणि प्रयोगाला हवी असलेली माहितीही मिळालेली असते. माझ्या मते या तंत्रज्ञानाचे समर्थन करण्यास एवढे एकच कारण पुरेसे आहे.

मात्र आकडा दिसला म्हणजे अर्थ कळला, असे नव्हे. उपाशी ठेवलेला उंदीर थंड खोलीत शक्ती राखण्यासाठी स्वतःहून शरीराचे तापमान उतरवतो. ते कधीकधी 31 अंश सेल्सिअसच्याही खाली जाते आणि पुढे आपोआप पूर्ववत होते. सर्व उंदरांसाठी एकच सरसकट मर्यादा ठरवणारा संशोधक अशा प्राण्याला विनाकारण मारून बसेल. म्हणून प्रत्येक उंदराची निरोगी असतानाची नोंद आधी घेतली पाहिजे आणि त्याची तुलना त्याच्याशीच केली पाहिजे. या पद्धतीचा आणखी एक लाभ असा, की एकाच प्राण्याचे आधीचे व नंतरचे आकडे हाती असल्यामुळे कमी प्राण्यांत काम भागू शकते. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी, म्हणजे शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटवणे आणि त्यांच्या यातना कमी करणे यांपैकी, शेवटची दोन्ही येथे एकत्र साधतात.

हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सतत मोजायचे असतील तर प्रक्षेपक, म्हणजे आकडे बिनतारी बाहेर पाठवणारे छोटे यंत्र, पोटात बसवावा लागतो आणि येथे मी सावध राहण्यास सांगेन. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात दोन ग्रॅमचे यंत्र बसवणे म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या पोटात जवळजवळ पाच किलोचे ओझे ठेवण्यासारखे आहे. शिवाय शस्त्रक्रिया होते, तिची वेदना होते आणि त्यातून सावरण्यास आठवडाभर किंवा अधिक काळ लागतो. मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडणाऱ्या हृदयाची लय हाच अभ्यासाचा विषय असेल तर हे समजू शकते. केवळ देखरेखीसाठी मी ते सुचवणार नाही. त्यासाठी पिंजऱ्याच्या तळाखाली बसवायचे सेन्सर उपलब्ध आहेत. ते विद्युतक्षेत्रातील बदलांवरून हालचाल टिपतात आणि काल रात्री या पिंजऱ्यात नेहमीपेक्षा कमी वावर झाला, हे सकाळी दाखवतात. चार उंदीर एकत्र असतील तर मंदावलेला नेमका कोणता, हे तळाचा सेन्सर सहसा सांगू शकत नाही. तेथे त्वचेखालील ओळख-चिपची जोड द्यावी लागते. मोजमाप सोपे व्हावे म्हणून उंदरांना एकेकटे ठेवणे मला मान्य नाही, कारण उंदीर सोबतीने राहणारा प्राणी आहे.

आपल्या हवेचाही विचार येथे करावा लागतो. पावसाळ्यात गोव्यात आर्द्रता दिवसचे दिवस 85 टक्क्यांच्या वर राहते आणि वातानुकूलन यंत्रणा थकली, की पिंजऱ्यातला भुसा ओलसर राहू लागतो. ओलाव्यात जिवाणू मूत्रातील युरियापासून अधिक वेगाने अमोनिया तयार करतात. भिंतीवर माणसाच्या उंचीला लावलेला सेन्सर खोलीची हवा उत्तम असल्याचे सांगत असतो, तर उंदराचे नाक भुशापासून दोन बोटांवर असते. रोज तेथे काम करणाऱ्यांच्या नाकाला तो वास सवयीने जाणवेनासा होतो. तेव्हा निदान काही पिंजऱ्यांच्या आत, उंदराच्या उंचीवर आर्द्रता व अमोनिया मोजले पाहिजेत आणि वीज गेल्यावरही नोंद चालू राहावी म्हणून त्या यंत्रांना स्वतःची बॅटरी असली पाहिजे.

आपल्याकडे 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रयोगांसंबंधी 1998चे नियम आहेत आणि संस्थेच्या नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीवाचून प्रयोग सुरू करता येत नाही. त्या समितीपुढे येणाऱ्या अर्जात सेन्सरचा उल्लेख असेल, तर कोणता आकडा दिसताच कोण येणार, किती वेळात येणार आणि आल्यावर काय करण्याचा अधिकार त्याला असणार, हेही लिहिलेले असावे, असा माझा आग्रह आहे. पशुवैद्य डिचोलीला राहत असेल आणि प्राणिगृह वेर्ण्याला असेल, तर मुसळधार पावसाच्या रात्री त्याला पोहोचण्यास तासाहून अधिक वेळ लागू शकतो. अशा ठिकाणी रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला वेदनाशामक देण्याचे प्रशिक्षण आणि तशी लेखी परवानगी प्रयोग सुरू होण्यापूर्वीच मिळालेली असली पाहिजे.