व्हाइटनर लावलेला ड्यूटी चार्ट

अध्यक्ष महाराज, मंडळाचे कार्यकर्ते आणि मे महिन्याच्या या उकाड्यात पंख्याखालची जागा सोडून आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव छापलंय ‘अपुऱ्या मनुष्यबळात कॅज्युअल्टीचं मनोबल : पाच उपाय’. हे नाव माझं नाही. मी फोनवर म्हटलं होतं, ड्यूटी चार्टवर बोलते. सेक्रेटरी म्हणाले, ‘ताई, चार्ट ऐकायला कोण येणार?’ म्हणून मनोबल. आता आलाच आहात तर चार्ट ऐकावा लागेल. पाच उपायही सांगते. शेवटी, वेळ उरला तर.

इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी कधी ना कधी रात्री दोनला कॅज्युअल्टीच्या, म्हणजे इस्पितळातल्या तातडीच्या विभागाच्या, दारात उभे राहिले असतील. उरलेले तेव्हा इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात होते म्हणून वाचले. त्यातलेही काही तिथूनच पोट धरून आमच्याकडे आले, ते सोडा. (हशा) तुम्ही आत आलात तेव्हा सिस्टर वस्सकन अंगावर आली असेल. ‘नंबर लावा, नंबर!’ घरी जाऊन तुम्ही म्हणालात, काय उर्मट बाई. असेलही. पण ती सकाळी सातपासून तिथे होती आणि तिची रिलीव्हर आलीच नव्हती, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. चार्टवरही ते लिहिलेलं नव्हतं. माझी सगळी तक्रार त्या चार्टबद्दल आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चार्ट म्हणजे फुटपट्टीने रेघा मारलेला मोठा कागद. डावीकडे नावं, वर तारखा. मॉर्निंगला एम, ईव्हनिंगला ई, नाइटला एन, आणि ऑफला लाल शाईचा गोल. इंचार्ज सिस्टर तो रात्री घरी, स्वयंपाक आटोपून बनवते. कोणाच्या मुलाची दहावी, कोणाच्या सासूचं डायलिसिस, कोणाचं केरळचं तिकीट, सगळं तिच्या डोक्यात असतं. सोमवारी चार्ट भिंतीवर लागतो. मंगळवारी एकीला ताप येतो, आणि दुसरीच्या लाल गोलावर व्हाइटनर फिरतं. वर लिहितात ‘एन’. बुधवारी त्यावर आणखी एक थर. महिन्याच्या शेवटी कागद असा फुगलेला असायचा की डोळे मिटून बोट फिरवलं तरी त्या वॉर्डात काय चाललंय ते मला कळायचं. कॅज्युअल्टीचा चार्ट तर जवळजवळ ब्रेल लिपीतच.

आता नियम काय म्हणतो ते ऐका. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणानुसार मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, साध्या रुग्णालयात पाचामागे एक. त्यावर रजेसाठी म्हणून ३० टक्के माणसं जास्तीची. हे ३० टक्के महत्त्वाचे. माणूस आजारी पडतो, बाळंत होतो, त्याच्या घरी लग्न निघतं, हे गृहीत धरूनच तो आकडा ठेवलाय. भरतीत सगळ्यात आधी कात्री लागते ती यालाच. मग एकीचा ताप म्हणजे दुसरीची डबल ड्यूटी. वॉर्डात खाटा तरी मोजलेल्या असतात. कॅज्युअल्टीच्या दारावर ‘जागा नाही’ अशी पाटी लावता येते का?

आणि गर्दी म्हणाल तर इंदूरमध्ये ती पंचांगात छापलेली आहे! रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, दुपारपासून डोळ्यांत रंग गेलेले, ट्रकवरून पडलेले, प्यायलेले असे सगळे आमच्याकडे. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर. संक्रांतीला मांजाने कापलेले गळे आणि गच्चीवरून पडलेली पोरं. यातलं काही अचानक येत नाही. तरी रंगपंचमीच्या चार्टवर नावं तेवढीच, जेवढी कुठल्याही मंगळवारी. आमच्या या शहरात २०१७ पासून कचरागाडी ठरल्या वेळी गाणं वाजवत दारात येते आणि स्वच्छतेचा पहिला नंबर घेऊन जाते. ते लाऊडस्पीकरमुळे झालं नाही, वेळापत्रक पाळल्यामुळे झालं. कचऱ्याला जमतं ते नर्सेसना का नाही, हे मी मीटिंगमध्ये विचारलं होतं. मला चहा दिला गेला.

त्याऐवजी काय होतं? मनोबल वाढवण्याचा कार्यक्रम होतो. रुग्णालयाचं नाव घेत नाही. काही जण आत्ताच हसायला लागलेत, त्यांनीही घेऊ नये. १२ मे, नर्सेस डे. मुंबईहून एक प्रेरणादायी वक्ते बोलावले होते. कार्यक्रम दुपारी तीनला, म्हणजे मॉर्निंग संपवून थांबलेल्या, ईव्हनिंगला लवकर बोलावलेल्या आणि नाइट करून घरी जाऊन परत आलेल्या, सगळ्या हजर. ऑफवाल्यांनाही ‘कंपल्सरी’ असा मेसेज. कॅज्युअल्टी सांभाळायला दोघी आणि एक इंटर्न, तोही नवीन, कॅन्युला, म्हणजे सलाईनची सुई, लावताना स्वतःच घामाघूम होणारा.

पाहुणे चार वाजता आले. कोट घातलेले, अत्यंत उत्साही. म्हणाले, ‘सगळ्यांनी उभं राहा, शेजारणीकडे बघा आणि मोठ्याने हसा.’ माझ्या शेजारची मुलगी नाइट करून आली होती. ती उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि झोपली. उभ्या उभ्या. मी तिला खांद्याने धरून ठेवलं आणि दोघींच्या वाटचं मी हसले. मग फुगे वाटले. प्रत्येकीने फुग्यावर स्केच पेनने आपला ताण लिहायचा, मग एक-दोन-तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम फुगा फोडायचा, म्हणजे ताण गेला. माझ्या पुढच्या रांगेतल्या सिस्टरने फुग्यावर लिहिलं, ‘२१ तारखेचा ऑफ’. बस, एवढंच.

एक, दो, तीन! हॉल कॅज्युअल्टीच्या बरोब्बर वर. शंभरेक फुगे एकदम फुटले, आणि खाली नातेवाइकांत पळापळ. ‘गोली चली! गोली चली!’ चौकीतला हवालदार काठी घेऊन जिन्याने वर, त्याच्यामागे एका पेशंटचे काका सलाईनची बाटली हातात तशीच धरून, आणि त्यांच्यामागे अर्थात तो पेशंट. (प्रचंड हशा) वक्ते हवालदाराला म्हणाले, ‘आइए, आप भी एक फुगा लीजिए.’ त्याने घेतला. बिचाऱ्याचीही डबल ड्यूटी होती.

शेवटी सगळ्यांना एकेक मग मिळाला, त्यावर हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल. मला त्या चित्राचाही राग येतो. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ती ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेली हे खरं, रात्री दिवा घेऊन फिरली हेही खरं. पण परत आल्यावर तिने केलं काय? किती सैनिक जखमांनी मेले, किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, याचा महिनावार हिशेब काढला, १८५८ साली त्याच्या रंगीत आकृत्या छापल्या आणि सरकारपुढे ठेवल्या. बाई आकडेवाली होती. आमच्या चार्टवरचं व्हाइटनर तिने नखाने खरवडून खालचं वाचलं असतं.

माझं म्हणणं तेवढंच आहे. व्हाइटनर लावलं की पुरावा जातो. एका मुलीने ऑफ सोडला, सोळा तास उभी राहिली, आणि कागद म्हणतो सगळं नीट भरलेलं होतं. वरच्या ऑफिसला कमतरता दिसत नाही, कारण आम्हीच ती रोज पांढरी करतो. आणि जिने सोडला तिला दिसतं की आपण केलं ते कुठेच लिहिलेलं नाही. मन खचतं ते इथे. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’वर, म्हणजे कामाने माणूस करपून जाण्यावर, लिहिलं. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याची तीन अंगं सांगितली : मन आटणं, पेशंट माणूस न वाटता खाट नंबर वाटू लागणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाच्या जागी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे दुखणं जागेचं, आणि प्राणायाम आम्हाला!

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, उपाय पाच, मिनिटं पाच.

पहिला झालाच. चार्ट दोन आठवडे आधी लावा आणि व्हाइटनर कपाटात कुलूपबंद ठेवा. बदल करायचाच तर लाल रेघ, शेजारी कारण आणि सही. मोडलेला ऑफ त्याच पंधरवड्यात परत. तीन महिन्यांच्या लाल रेघा मोजल्या की किती पदं हवीत ते अकाउंट्सवाल्यालाही कळतं. पदं भरल्याशिवाय बाकी सगळं मलमपट्टी आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण पदं मागायला कागद लागतो.

दुसरा, पाळ्यांची दिशा. मॉर्निंग, ईव्हनिंग, नाइट अशा पुढे सरकणाऱ्या पाळ्या शरीराला सोसतात, उलट्या नाही. ईव्हनिंग करून रात्री घरी पोचलेलीला सकाळी सातला बोलावू नका. निवासी डॉक्टरांसाठी तर १९९२ च्या केंद्रीय नियमात सलग काम साधारणपणे बारा तासांवर नको असं लिहिलेलं आहे. कोणत्याही रेसिडेंटला विचारा, तो हसेल.

तिसरा, आतून कडी लागणारी खोली, संडास आणि जेवायला वीस मिनिटं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ती डॉक्टर विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. यावर मी जास्त बोलत नाही.

चौथा. पेशंट गेला की लगेच दुसऱ्या ट्रॉलीकडे धावायला लावू नका. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने एक पद्धत पाडली : सगळ्यांनी मिनिटभर हात थांबवून गप्प उभं राहायचं. खर्च शून्य. फुग्यांपेक्षा स्वस्त.

पाचवा, सिस्टरचं नसलेलं काम सिस्टरकडून काढा. ट्रॉली शोधणं, एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद घेऊन चौकीत जाणं, आणि ‘एक्स-रे किधर है’ हे दर दोन मिनिटांनी सांगणं. या शेवटच्यासाठी डिग्री लागत नाही. दारात एक टेबल, एक वही, एक न चिडणारा माणूस, एवढं पुरतं. निवृत्त बँकवाले या कामाला उत्तम, त्यांना गर्दीची सवय असते. मंडळाचे वीस स्वयंसेवक मिळाले तर संध्याकाळचे चार तास आरामात भरतात. वही मी आणली आहे, तिकडे चहाच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, फोन आणि कोणता वार जमेल ते लिहा. रंगपंचमीला येणार नसाल तर तेही आत्ताच लिहा, म्हणजे मला खोडावं लागणार नाही.